जँगो अ‍ॅप गिटहबवरून रेंडरवर: चढवण्याचा क्रम आणि अडल्यावर शोधण्याचा क्रम

डिप्लॉय (अ‍ॅप सर्व्हरवर चढवणं) फसलेल्या प्रोजेक्टची कमिटची यादी बघण्यासारखी असते: ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘फायनल फिक्स’, ‘फायनल फिक्स खरंच’. सेटिंग्जमध्ये काहीतरी बदलायचं, पुश करायचं, वाट बघायची, पुन्हा लाल. अशा वेळी कोड बहुधा ठीक असतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. सर्व्हरला तुमचा लॅपटॉप दिसत नाही. त्याला दोनच गोष्टी दिसतात: गिटमध्ये कमिट झालेल्या फाइली आणि रेंडर या क्लाउड सेवेच्या डॅशबोर्डवर भरलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (कोडबाहेर ठेवलेली सेटिंगची मूल्यं). तुमच्या मशिनवर कधीतरी इन्स्टॉल केलेलं पॅकेज, डेस्कटॉपवर राहिलेली फाइल, एसक्यूलाइटमधला डेटा, यातलं काहीही तिथे नसतं. खाली येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्या यातूनच उगवतात.

लॅपटॉपवर चालणारं जँगो अ‍ॅप, गिटहबचं खातं आणि रेंडरचं खातं तुमच्याकडे आहे असं धरून चाललो आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची. इतर क्लाउड सेवांवर बटणांची नावं बदलतात, टप्प्यांचा क्रम साधारण हाच राहतो.

## टप्पा १: पुश करण्याआधी रेपो साफ करा

गिटइग्नोर फाइल पहिल्या कमिटच्या आधी बनवायची. तिच्यात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर, डॉट ईएनव्ही फाइल, एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल, पायकॅशचे फोल्डर आणि अपलोड झालेल्या फोटोंचा मीडिया फोल्डर यायला हवा. मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतले बदल नोंदवणाऱ्या) फाइली मात्र इग्नोर करायच्या नाहीत. त्या कोडचाच भाग आहेत. कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून उचललेल्या गिटइग्नोरमध्ये त्या असतील तर ती ओळ काढा.

आधीच कमिट झालेली फाइल गिटइग्नोरमध्ये लिहिल्याने रेपोतून जात नाही. तिच्यासाठी ‘गिट आरएम’ ही आज्ञा ‘कॅश्ड’ या पर्यायासह चालवावी लागते. फाइल तुमच्या डिस्कवर राहते, गिट फक्त तिच्यावर लक्ष ठेवणं सोडतं.

सावधान: सीक्रेट की किंवा डेटाबेसचा पासवर्ड एकदा पुश झाला की पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून भागत नाही, कारण जुना कमिट इतिहासात वाचता येतो. किल्लीच बदला, त्याच दिवशी. ‘रेपो प्रायव्हेट आहे’ हे कारण मी तरी मान्य करणार नाही. प्रायव्हेट रेपो उद्या पब्लिक होतो, टीममध्ये नवा माणूस येतो, आणि ती ओळ तिथेच असते.

विंडोजवर काम करणाऱ्यांना फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं हमखास अडकवतात. विंडोजला ‘लोगो’चा पहिला एल कॅपिटल असला काय किंवा स्मॉल असला काय, फरक पडत नाही. सर्व्हरवर लिनक्स आहे, तिथे त्या दोन वेगळ्या फाइली. लॅपटॉपवर दिसणारं चित्र किंवा टेम्प्लेट सर्व्हरवर ‘सापडत नाही’ म्हणालं तर आधी स्पेलिंगमधली अक्षरं बघा. नुसतं एक्सप्लोररमध्ये नाव बदलून गिटला बदल कळेलच असं नाही. ‘गिट एमव्ही’ने आधी भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग हवं ते.

गिटहबवर एखादा फोल्डर दिसतो, पण क्लिक केला तर उघडतच नाही? त्या फोल्डरच्या आत आणखी एक लपलेला डॉट गिट फोल्डर आहे, म्हणजे रेपोच्या पोटात रेपो. आतला डॉट गिट काढा, तो फोल्डर गिटच्या यादीतून ‘कॅश्ड’ पर्यायाने काढा आणि पुन्हा अ‍ॅड करा.

पुश करतानाच पासवर्ड नाकारला जात असेल तर पासवर्ड चुकलेला नाही. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं आहे. अ‍ॅक्सेस टोकन किंवा एसएसएच की वापरा. १०० एमबीपेक्षा मोठी फाइलही पुशच्या वेळीच परत येते. ती नंतरच्या कमिटमध्ये डिलीट करून उपयोग नसतो. ज्या कमिटमध्ये आली तिथूनच काढावी लागते.

तपासणी: दुसऱ्या कुठल्यातरी रिकाम्या फोल्डरमध्ये गिटहबवरून क्लोन घ्या. नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, पॅकेजेस इन्स्टॉल करा, अ‍ॅप चालवा. इथे चाललं नाही तर रेंडरवर चालण्याचा प्रश्नच नाही. सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच.

## टप्पा २: पॅकेजेसची यादी

‘पिप फ्रीझ’ चालवताना व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू आहे ना, हे बघा. नसेल तर मशिनवरची सगळी पॅकेजेस यादीत येतात. त्यात विंडोजपुरतं चालणारं ‘पायविन३२’सारखं काही आलं की लिनक्सवर बिल्ड तिथेच थांबतो.

यादीत चार नावं हवीतच: अ‍ॅप चालवणारं गुनिकॉर्न, सीएसएस-चित्रं देणारं व्हाइटनॉइज, डेटाबेसचा पत्ता वाचणारं डीजे-डेटाबेस-यूआरएल आणि पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारं सायकॉपीजी. गुनिकॉर्न विंडोजवर चालत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर एरर आली म्हणून ते यादीतून काढू नका.

पायथनची आवृत्तीही ठरवून द्या, ‘पायथन व्हर्जन’ या व्हेरिएबलमध्ये किंवा डॉट पायथन-व्हर्जन फाइलमध्ये. व्हेरिएबलमध्ये द्यायची तर तिन्ही आकडे लिहून पूर्ण आवृत्ती द्यावी लागते. ठरवून दिली नाही तर रेंडर स्वतःची डीफॉल्ट घेतो, आणि तुमच्या जुन्या पॅकेजला ती चालेलच असं नाही.

## टप्पा ३: सेटिंग्ज

इथे घाई करू नका.

डीबग. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येणारं प्रत्येक मूल्य ही स्ट्रिंग असते. डॅशबोर्डवर ‘फॉल्स’ लिहिलंत आणि कोडमध्ये ते मूल्य जसंच्या तसं डीबगला दिलंत, तर पायथनच्या दृष्टीने रिकामी नसलेली स्ट्रिंग म्हणजे ‘ट्रू’. साइट जगासमोर डीबग मोडमध्ये उघडी राहते, आणि एरर आली की सेटिंग्जचा बराचसा तपशील पानावर छापते. मूल्य ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून बघा आणि त्या तुलनेचा निकाल डीबगला द्या.

अलाउड होस्ट्स आणि सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स. पहिली यादी अ‍ॅपने कोणत्या होस्टच्या नावाला उत्तर द्यायचं त्याची, दुसरी कोणत्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म स्वीकारायचे त्याची. या दोन याद्यांची अदलाबदल रोज कुणीतरी करतं. अलाउड होस्ट्समध्ये नुसतं होस्टचं नाव: पुढे एचटीटीपीएस नाही, मागे तिरकी रेघ नाही. सीएसआरएफच्या यादीत मात्र एचटीटीपीएससह पूर्ण पत्ता, जँगो ४.०पासून हे बंधनकारक आहे. पहिली यादी चुकली तर प्रत्येक पान ४०० देतं.

प्रॉक्सी. तुमचं अ‍ॅप रेंडरच्या प्रॉक्सीमागे (विनंती पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) असतं. ब्राउझर एचटीटीपीएसने येतो, प्रॉक्सीपासून पुढे अ‍ॅपपर्यंत साधं एचटीटीपी. मूळ विनंती सुरक्षित होती हे जँगोला कळलं नाही तर दोन प्रकार होतात. एसएसएल रीडायरेक्ट चालू असेल तर साइट स्वतःकडेच फिरत राहते आणि ब्राउझर ‘फार वेळा रीडायरेक्ट झालं’ म्हणून हात टेकतो. किंवा लॉगिनचा फॉर्म ४०३ देतो. उपाय म्हणून सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर ही सेटिंग भरा आणि सीएसआरएफच्या यादीतही पत्ता ठेवा.

स्टॅटिक फाइली. डीबग बंद केलं की जँगो सीएसएस आणि चित्रं स्वतःहून देत नाही. ‘अ‍ॅडमिनचं पान उघडतंय पण नुसतं उघडंबोडकं’ ही तक्रार याचीच. स्टॅटिक रूट (या फाइली जिथे गोळा होतात तो फोल्डर) ठरवा आणि व्हाइटनॉइजचं मिडलवेअर सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली ठेवा, यादीच्या शेवटी नको. आणखी एक खाच: जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘स्टॅटिकफाइल्स स्टोरेज’ नावाची सेटिंग दिलेली असते. जँगो ४.२मध्ये तिच्या जागी ‘स्टोरेजेस’ ही डिक्शनरी आली आणि ५.१मध्ये जुनी सेटिंग काढूनच टाकली. ती लिहून ठेवली तरी काही एरर येत नाही. जँगो तिच्याकडे बघतच नाही, आणि तुम्ही मात्र ती लावली आहे या समजुतीत राहता.

लॉगिंग. हे बहुतेक मार्गदर्शकांत सुटलेलं असतं. जँगोची मूळ मांडणी अशी आहे की डीबग बंद असताना ५०० एररचा ट्रेसबॅक (एरर कुठून आली त्याचा माग) अ‍ॅडमिनच्या ईमेलवर जातो. कन्सोलवर येत नाही. ईमेलची सेटिंग कुणी केलेली नसते. म्हणून साइटवर ५०० दिसतो आणि लॉगमध्ये कारण शून्य. मग कारण बघायला लोक डीबग चालू करतात, आणि परत बंद करायला विसरतात. सेटिंग्जमध्ये लॉगिंगची डिक्शनरी लिहून कन्सोल हँडलर जोडा. पाच-सहा ओळींचं काम आहे, पहिल्या डिप्लॉयच्या आधीच उरका.

तपासणी: मॅनेज डॉट पीवायची ‘चेक’ आज्ञा ‘डिप्लॉय’ पर्यायासह चालवा. तिच्या सगळ्याच सूचना पहिल्या दिवशी पाळायची गरज नाही. एचएसटीएसबद्दलची (साइट फक्त एचटीटीपीएसनेच उघडायला ब्राउझरला सांगणाऱ्या हेडरबद्दलची) सूचना तर मुद्दाम नंतरसाठी ठेवा, कारण तो हेडर ब्राउझरने लक्षात ठेवला की माघार अवघड होते.

## टप्पा ४: डेटाबेस आधी, अ‍ॅप नंतर

रेंडरवरची डिस्क तात्पुरती असते. एसक्यूलाइट तसंच ठेवलंत तर पुढच्या डिप्लॉयला किंवा रीस्टार्टला डेटा गायब. अपलोड केलेल्या फोटोंचंही तेच होतं; ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये किंवा पैसे भरून घेतलेल्या कायमच्या डिस्कवर ठेवावे लागतात. ‘काल भरलेल्या नोंदी आज दिसत नाहीत’ म्हणणाऱ्याने कोडमध्ये बग शोधत बसू नये.

पोस्टग्रेसचा डेटाबेस बनवताना रीजन नीट निवडा, नंतर तो बदलता येत नाही. रेंडरच्या यादीत भारत नाही. आपल्या वाचकांना सिंगापूर जवळचं. अ‍ॅप आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये ठेवा, तरच इंटर्नल यूआरएल चालतो. वेगळ्या रीजनमध्ये असतील तर इंटर्नल होस्टचं नावच सापडत नाही आणि लोक पासवर्ड बदलत बसतात. अ‍ॅपसाठी इंटर्नल यूआरएल, लॅपटॉपवरून जोडायचं असेल तर एक्स्टर्नल.

सावधान: मोफत पोस्टग्रेस बनवल्यापासून ३० दिवसांनी संपतो. कॉलेजचा प्रोजेक्ट सबमिशनच्या महिनाभर आधी चढवून ठेवाल आणि व्हायव्हाच्या दिवशी लॉगिन होणार नाही.

लॅपटॉपवरचा डेटा ‘डंपडेटा’ने काढून न्यायचा असेल आणि त्यात मराठी मजकूर असेल, तर विंडोजवर ‘चारमॅप’ची एरर येऊ शकते किंवा फाइलीत प्रश्नचिन्हं उमटू शकतात. पायथन ‘एक्स यूटीएफ८’ पर्यायासह चालवा आणि डंपडेटालाच ‘आउटपुट’ पर्याय देऊन फाइल लिहायला सांगा, बाणाच्या चिन्हाने वळवू नका. कंटेंट टाइप्स आणि परमिशन्स वगळा. ते मायग्रेट स्वतः बनवतं, आणि दोनदा आले की भरताना आदळतात.

## टप्पा ५: बिल्ड आणि स्टार्ट

वेब सर्व्हिस बनवून गिटहबचा रेपो आणि ब्रँच जोडा. ब्रँच मुद्दाम बघा. लॅपटॉपवर मास्टर, गिटहबवर मेन अशी जोडी अजूनही भेटते, आणि ‘पुश करतोय पण काहीच बदलत नाही’ हा त्याचा परिणाम. मॅनेज डॉट पीवाय आतल्या फोल्डरमध्ये असेल तर रूट डिरेक्टरी भरा.

बिल्ड स्क्रिप्टमध्ये तीन कामं, याच क्रमाने: पॅकेजेस इन्स्टॉल, मग ‘कलेक्टस्टॅटिक’ नो-इनपुट पर्यायासह, मग ‘मायग्रेट’. ‘मेकमायग्रेशन्स’ इथे लिहू नका. मायग्रेशनच्या फाइली लॅपटॉपवर बनवून कमिट करायच्या. सर्व्हरवर बनलेल्या फाइली त्या बिल्डबरोबर नाहीशा होतात, डेटाबेसमध्ये त्यांची नोंद मात्र राहते, आणि पुढे दोघांचा मेळ बसत नाही. हा गुंता सोडवायला अख्खी दुपार जाते.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एररएक्झिट’ लावा. नाहीतर मधली पायरी फसली तरी पुढच्या चालत राहतात आणि शेवटी बिल्ड हिरवा दिसतो.

विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टला दोन रोग असतात. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर फाइलीवर चालवण्याची परवानगी नाही. बिल्ड कमांडमध्ये नावाच्या आधी ‘बॅश’ लिहिलं की काम होतं. नावाच्या शेपटाला उलटी रेघ आणि ‘आर’ दिसत असेल तर ओळींचा शेवट विंडोजच्या पद्धतीचा आहे. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टसाठी ‘एलएफ’ ठरवून द्या, फाइल पुन्हा सेव्ह करून कमिट करा.

स्टार्ट कमांड गुनिकॉर्नची. तिच्यात नाव येतं ते डब्ल्यूएसजीआय डॉट पीवाय ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं. रेपोचं नाही, जँगो अ‍ॅपचंही नाही. रेपोच्या नावात आडवी रेघ आणि फोल्डरच्या नावात अंडरस्कोअर असला की इथे गफलत ठरलेली. ‘रनसर्व्हर’ वापरू नका. त्याचा डीफॉल्ट पत्ता १२७.०.०.१ आहे, म्हणजे कंटेनरच्या आतच. बाहेरून पोचायला ०.०.०.० आणि ‘पोर्ट’ या व्हेरिएबलमधला पोर्ट लागतो; रेंडरवर तो डीफॉल्ट १०००० असतो.

तपासणी: व्हेरिएबल्स पहिल्या बिल्डच्या आधी भरली का? कलेक्टस्टॅटिकसुद्धा सेटिंग्ज वाचतं, त्यामुळे सीक्रेट की नसेल तर ते तिथेच कोसळतं. चिकटवलेल्या मूल्यांभोवती अवतरणचिन्हं किंवा शेवटी स्पेस राहिली नाही ना, तेही बघा.

मोफत प्लॅनवर शेल मिळत नाही, मग सुपरयूझर कसा बनवायचा? लॅपटॉपवर डेटाबेस यूआरएलच्या जागी तात्पुरता एक्स्टर्नल यूआरएल द्या आणि तिथून ‘क्रिएटसुपरयूझर’ चालवा. ती आज्ञा बिल्ड स्क्रिप्टमध्ये कोंबली तर दुसऱ्या बिल्डला ‘हे नाव आधीच घेतलेलं आहे’ म्हणून सगळा डिप्लॉय लाल होतो.

## टप्पा ६: अडलं तर कुठे बघायचं

काही बदलण्याआधी एवढं ठरवा: बिल्डमध्ये पडलं, सुरू होताना पडलं, की सुरू झाल्यावर एखाद्या पानावर पडलं? तिन्हींचे लॉग वेगळे वाचतात.

बिल्डच्या लॉगमध्ये पहिली एरर शोधा. खालच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये उलट: सगळ्यात खालची ओळ कारण सांगते, आणि तिच्या वर जाताना तुमच्या स्वतःच्या फाइलीचं नाव असलेली पहिली ओळ जागा सांगते. शेवटची ‘एक्झिटेड विथ स्टेटस’ची ओळ कॉपी करून मदत मागणाऱ्याला कुणीच मदत करू शकत नाही.

सुरू होताना: ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर त्या मॉड्यूलचं नाव वाचा. बाहेरच्या पॅकेजचं असेल तर यादीत नाही. तुमच्याच फोल्डरचं असेल तर स्टार्ट कमांड किंवा रूट डिरेक्टरी चुकली. ‘नो ओपन पोर्ट्स डिटेक्टेड’ म्हणजे अ‍ॅप चुकीच्या पत्त्यावर ऐकत आहे किंवा ऐकायला लागायच्या आधीच मेलं आहे.

सुरू झाल्यावर आकडा बघा. ४०० आणि ४०३ची कारणं तिसऱ्या टप्प्यात आली. ५००ला ट्रेसबॅक वाचा. ‘रिलेशन डझ नॉट एग्झिस्ट’ असेल तर मायग्रेट चाललेलं नाही, ‘मॅनिफेस्ट एंट्री’ हरवली असेल तर टेम्प्लेटमध्ये नसलेल्या स्टॅटिक फाइलीचं नाव आहे. ५०२ला गुनिकॉर्नचा लॉग बघा. ‘वर्कर टाइमआउट’ म्हणजे एका विनंतीला ३० सेकंदांच्या वर लागले. ‘सिगकिल’ आणि सोबत मेमरीबद्दल शंका दिसली तर ५१२ एमबी पुरले नाहीत. आधी वर्करची संख्या कमी करा.

पहिलं पान उघडायला मिनिटभर लागतं आणि नंतर साइट सुरळीत चालते? ही एरर नाही. मोफत सर्व्हिस १५ मिनिटं कुणी आलं नाही की झोपते.

बदल पुश केला तरी जुनंच दिसत असेल तर डॅशबोर्डवर चालू डिप्लॉयसमोरचा कमिटचा हॅश आणि ‘गिट लॉग’मधला हॅश ताडून बघा. वेगळे असतील तर नवा बिल्ड फसला आहे आणि जुना अजून चालतोय. रेंडर फसलेल्या बिल्डसाठी चालतं अ‍ॅप खाली घेत नाही. सारखेच असतील तर ब्राउझरचा कॅश.

एका वेळी एकच बदल, एकच कमिट, आणि कमिटच्या नावात तो बदल काय आहे ते. तीन गोष्टी एकदम बदलून चाललं, तर कशाने चाललं ते कळत नाही.

## टप्पा ७: चालती साइट बिघडली तर

आधी डॅशबोर्डवरून मागच्या चांगल्या डिप्लॉयवर रोलबॅक करा. साइट उभी राहिली की शांतपणे ‘गिट रिव्हर्ट’ करून बिघडलेला कमिट उलटवा. ‘रीसेट हार्ड’ आणि फोर्स पुश एकट्याच्या रेपोत खपतं. टीममध्ये दुसऱ्याचं काम पुसलं जातं.

रोलबॅक केल्यावर ऑटो डिप्लॉय बंद होतं. दुरुस्ती पुश करून ‘काहीच होत नाही’ म्हणण्याआधी ते पुन्हा चालू करा.

सावधान: रोलबॅक किंवा रिव्हर्ट कोड मागे नेतात, डेटाबेस नाही. नव्या मायग्रेशनने कॉलम उडवला असेल तर जुना कोड तो शोधत बसेल. म्हणून कॉलम काढायचा तर दोन डिप्लॉय करा: पहिल्यात कोडमधला वापर काढा, काही दिवस चालू द्या, दुसऱ्यात कॉलम काढा.

## टप्पा ८: स्वतःचं डोमेन

सगळं रेंडरच्या पत्त्यावर चालल्याशिवाय डोमेनला हात लावू नका, नाहीतर दोष डीएनएसचा की अ‍ॅपचा हे कळत नाही. डॅशबोर्डवर डोमेन जोडा, रजिस्ट्रारकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) भरा, आणि थेट आयपी पत्ता देणारे जुने ए किंवा एएएए रेकॉर्ड उरले असतील तर काढा. ते राहिले की साइट कुणाला दिसते, कुणाला नाही. प्रमाणपत्र रेंडर स्वतः काढतो, त्याला थोडा वेळ द्या.

नवं डोमेन अलाउड होस्ट्स आणि सीएसआरएफच्या यादीत घाला, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याच्याशिवाय असं दोन्ही. मग प्रत्येक पत्त्यावर जाऊन लॉगिन करा. मुखपृष्ठ उघडलं एवढ्यावर थांबू नका, कारण सीएसआरएफची यादी चुकली असेल तर ते फॉर्म भरल्यावरच कळतं.